ऊसतोड मजूर दुष्काळानं घडवला की साखर कारखान्यांनी?

विंचरणाकाठ (जामखेड)

दसरा झाला की आमच्या भागातून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. भांडी, पिठाचे डबे, कोंबड्या, शेळी, लेकरं, सगळं त्यातच. आणि दरवर्षी छापून येतं, 'दुष्काळी पट्ट्यातील मजुरांचे पोटासाठी स्थलांतर'. वाचून वाचून आपण सगळ्यांनी हे खरं धरलंय. मला ते अर्धंच खरं वाटतं. उरलेल्या अर्ध्यावर बोलायला हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं : दुष्काळानं माणूस घराबाहेर काढला, पण त्याचा ऊसतोड मजूर केला तो कारखानदारीनं.

आटपाडी, खानापूर, माण, खटाव हाही अवर्षणाचाच पट्टा. तिथली माणसंही पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. खानापूर-आटपाडीची सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर गेली, साताऱ्याकडची मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. पाऊस तिथंही कमीच. मग बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला, नगर-बीडकडच्या पाथर्डी-शिरूर-पाटोद्याचा माणूस कोयत्यावरच, म्हणजे ऊसतोडीलाच का गेला? कारण त्याला बोलवायची, बांधून ठेवायची आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला की परत पाठवायची एक रीत तोवर उभी राहिली होती.

ती कशी उभी राहिली तेही बघण्यासारखं आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा काढला तो ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून, लोक उपाशी मरू नयेत म्हणून. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाणी घेईना आणि सरकारला पाणीपट्टी हवी होती, म्हणून पाणी उसाकडं वळलं. विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून त्यांना पाणी बांधून द्यायची रीत, याच कालव्यावरची. १९२६ ला भंडारदरा झालं, प्रवरेचे कालवे वाहायला लागले. १९३२ साली बाहेरच्या साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण मिळालं आणि खासगी कारखाने भराभर उभे राहिले. हरेगावची बेलापूर कंपनी आधीपासून होतीच, मग रावळगाव, टिळकनगर, वालचंदनगर. म्हणजे दुष्काळ हटवण्यासाठी काढलेल्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि तो तोडायला दुष्काळातलाच माणूस आणला गेला. याला मी निसर्गाचा कोप म्हणू शकत नाही.

पुढं १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, सावकाराच्या दाढेतून शेतकरी सोडवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. पण त्या रचनेत सभासद कोण? ज्याचा ऊस आहे तो. गेटच्या आतल्या कामगारांसाठी १९५७ साली केंद्रानं वेतन मंडळ नेमलं, त्यांना पगारश्रेणी मिळाली, फंड मिळाला, बोनस मिळाला. गेटबाहेर फडात ऊस तोडणारा ना सभासद, ना कामगार. तो मुकादमाचा, म्हणजे मजूर गोळा करून आणणाऱ्या ठेकेदाराचा माणूस. एवढ्या मोठ्या धंद्यातला एवढा मोठा माणूसवर्ग हिशेबाबाहेर राहतो, तेव्हा तो विसरून राहिलेला नसतो.

१९७२ च्या दुष्काळानं हे सगळं सुरू झालं असं सर्रास सांगतात. त्या वर्षी संख्या फुगली, हे खरं. पण आमच्या आजोबांच्या पिढीच्या बैलगाड्या त्याच्या कितीतरी आधीपासून प्रवरेकडं जात होत्या.

पंचगंगेचा शेतकरी

दादा, इतिहास नीट मांडलाय. पण निष्कर्षाला माझा विरोध आहे, आणि तो शेतकरी म्हणून आहे.

पहिलं, जतमधूनसुद्धा आमच्याकडं टोळ्या येतात. तेव्हा गलाईवाल्यांचं उदाहरण पूर्ण लागू पडत नाही. ज्याच्या हाताला जी ओळख मिळाली तो तिकडं गेला. पाहुण्यानं पाहुण्याला नेलं, गावानं गावाला नेलं. यात कुणाचा कट शोधू नका.

दुसरं म्हणजे, आमच्याकडं करवीर-पन्हाळ्याला गुऱ्हाळं होती तेव्हा ऊस गावातलीच माणसं तोडायची. गुळव्या, जळव्या, तोडकरी, सगळे आसपासचे. मग ते गेले कुठं? कारखान्यांनी हाकलले नाहीत. कोल्हापूर-इचलकरंजीत फाउंड्री आली, यंत्रमाग आला, एमआयडीसी आली, पोरं शिकली. फडात पाचटानं अंग सोलून घ्यायला कोण तयार होणार? स्थानिक माणूस मिळेना म्हणून बाहेरचा आणला. उलटं नाही.

आणि मालक मालक म्हणून शेतकऱ्याकडं बोट दाखवणार असाल तर माझा हिशेब ऐका. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, जाहीर होते ती मला पूर्ण मिळत नाही. तोडणी-वाहतूक त्यातून कापली जाते, टनामागं ७०० च्या खाली ती क्वचितच येते. म्हणजे तोडणीचे पैसे मीच देतो. तरी टोळी कधी येणार हे मला ठरवता येत नाही. ऊस सोळा-सोळा महिने उभा राहतो, तुरा फुटतो, वजन घटतं, पुढचं पीक लांबतं. मग टोळी आली की एकरामागं 'खुशाली', म्हणजे वरचे पैसे मागते. दिली नाही तर फडाला हात लागत नाही. वाहनाच्या ड्रायव्हरची 'एन्ट्री' वेगळी. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तेही तेच नेतात. दोन-तीन एकरवाला हा शेतकरी कुणाचा शोषक आहे हे मला कुणीतरी समजावून सांगा.

मजुराचे हाल मी डोळ्यांनी बघतो. माझ्याच बांधाला त्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. थंडीत बाई पहाटे तीनला उठून चूल पेटवते हे मला दिसतं. मला त्याचं वाईट वाटतं. पण इतिहासाच्या नावाखाली सगळ्या ऊसवाल्यांना एका रांगेत उभं करू नका.

निवृत्त शेतकी ओव्हरसियर

मी एका सहकारी कारखान्याच्या शेती खात्यात नोकरी केली, चिटबॉयपासून (फडात तोडीची चिठ्ठी देणारा) ओव्हरसियरपर्यंत. कारखान्याचं नाव घेत नाही. बाहेरून ज्याला 'शोषणाची रीत' म्हणतात तिची कारणं आतून कशी दिसतात तेवढं सांगतो.

ऊस तोडला की साखर घटायला लागते. एक-दोन दिवसांत गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकायची जागा) पडला नाही तर उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर परिणाम होतो, आणि उतारा पडला तर शेतकऱ्याचाच दर पडतो. गाळप चोवीस तास चालतं. गव्हाण तासभर रिकामी राहिली तरी बॉयलर, टर्बाइन सगळं बिघडतं. म्हणून तोडणी शेतकऱ्याच्या हातात ठेवता येत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ऊस तोडून गेटवर आणला तर आज चारशे गाड्या उभ्या आणि उद्या एकही नाही. लागणीची नोंद, त्याप्रमाणे प्रोग्राम, त्याप्रमाणे टोळी, ही शिस्त नसेल तर कारखाना चालत नाही.

आता एवढी माणसं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी हवीत. पाच हजार टन रोजच्या गाळपाच्या कारखान्याला किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, लागतील याचा हिशेब करा. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे अडीच-तीन हजार जोड्या. एवढ्या माणसांना कारखाना थेट कामावर घेऊ शकत नाही, कारण सहा-सात महिने त्यांच्यासाठी कामच नाही. मुकादम आपल्या गावातली माणसं ओळखतो, त्यांच्या अडीनडीला पैसे देतो, त्यांना आणतो. ही उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नसती तर माणूस आलाच नसता. पावसाळ्यात पेरणीला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला आमच्या भागात त्याला बिनव्याजी रक्कम दुसरं कोण देणार होतं? बँक?

मजुरांच्या लेकरांसाठी साखर शाळाही काढल्या होत्या. जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात त्या चालवल्या. सगळेच दगड नव्हते.

विंचरणाकाठ

@निवृत्त शेतकी ओव्हरसियर : साहेब, तोडणी कारखान्याच्या हातात का हवी ते तुम्ही फार चांगलं समजावलंत. पण माझा मुद्दाच त्यातून निघतो. कुठला ऊस, कुठल्या दिवशी, कुठल्या टोळीनं, किती तोडायचा हे सगळं कारखाना ठरवतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. दर कारखाना संघ आणि संघटनांच्या करारात ठरतो. मग मालक कोण, या एकाच प्रश्नावर कारखाना मुकादमाकडं, मुकादम वाहतूकदाराकडं आणि वाहतूकदार शेतकऱ्याकडं का बोट दाखवतो?

हंगामी काम म्हणून नोंद ठेवता येत नाही हे मला मान्य नाही. याच महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालालाही रोज एकच मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. तरी मंडळ झालं, मालकांची नोंद झाली, मालकांनी भरायची लेव्ही ठरली, हमालाला फंड आणि दवाखाना मिळाला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या मागं मुंबईत माणसं एका जागी होती, बाजार बंद पाडायची ताकद होती. आमची माणसं शे-दोनशे कारखान्यांच्या फडांत विखुरलेली, आणि त्यांची मतं गावाकडची, कारखान्याच्या भागातली नाहीत.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा बघा. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसत होता, बीडहून कोल्हापूरकडच्या शिरोळला गेलेला नाही. मधे राज्याच्या सीमेवरची दूधगंगा ओलांडली की हक्क बदलणार!

आणि १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणं हीही राज्यघटनेनं बंदी घातलेली सक्तीची मजुरीच. उचल फिटेपर्यंत दुसरीकडं जाता येत नाही, फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं यावं लागतं. 'बिनव्याजी' हा शब्द साहेब तुम्ही सहज वापरलात. व्याज त्या दरातच कापलेलं असतं.

गाडीवान (पाथर्डी)

मी मुकादमाचा मुलगा. वडिलांची आधी स्वतःची बैलगाडी, मग दहा कोयत्यांची टोळी, मग मुकादमकी. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस घरात बघितलाय, म्हणून राहवत नाही.

मुकादमाला काय मिळतं? कमिशन. पूर्वी साडेअठरा-एकोणीस टक्के होतं, आता वीस. त्या बदल्यात तो काय घेतो? सगळी जोखीम. कारखाना वाहतूकदाराच्या नावावर बँकेतून कर्ज उचलतो, वाहतूकदार मुकादमाकडून नोटरी करून घेतो, मुकादम पन्नास घरी उंबरे झिजवून पैसे वाटतो. त्यातल्या चार जोड्या दुसऱ्याची जास्त उचल घेऊन पळाल्या तर भरणार कोण? आमची दोन एकर जमीन त्यात गेली. माणसं डांबून ठेवणारे मुकादम आहेत, त्यांना तुरुंगात टाकलंच पाहिजे. पण पैसे घेऊन गायब होणाऱ्या टोळ्याही आहेत आणि त्यापायी ट्रॅक्टर विकलेले वाहतूकदारही आहेत.

विंचरणाकाठ, तुम्ही आमच्या शेजारचेच. तुम्हाला ठाऊक आहे की उचलीवर घरं झाली, विहिरी झाल्या, पोरं डी.एड., बी.एड. झाली. रोजगार हमी आपल्याकडं सत्तरीच्या दशकातच आली, वि. स. पागे साहेबांची ती योजना पुढं सगळ्या देशानं उचलली. मग लोक हमीवर का थांबले नाहीत? कारण हमीचा पैसा आठवड्या-पंधरवड्यानं थोडा थोडा यायचा, आणि कधी कधी यायचाच नाही. लग्न आठवड्याच्या पगारावर होत नाही. लोकांनी विचार करून कोयता निवडला. त्यांना सतत 'बळी' म्हणणं मला त्यांचा अपमान वाटतो. बबनराव ढाकणे, गोपीनाथराव मुंडे यांच्या मागं हीच माणसं उभी राहिली, संप केले, कोयता बंद ठेवला, दर वाढवून घेतले. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. ती कुणी दानात दिली नाही.

अंजली, केज

गाडीवानभाऊ, लोकांनी कोयता निवडला म्हणता. कुणी निवडला? एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल घेतली नवऱ्यानं, अंगठा त्याचा, पैसे त्याच्या हातात. राबायला मात्र दोघं. बाईनं निवड केव्हा केली?

मी आरोग्य खात्याबरोबर गावपातळीवर काम करते. २०१९ साली गर्भपिशव्यांचा विषय गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सोळा-सतरा. यात तिशी-पस्तिशीतल्याही बाया आहेत. बातम्यांत आलं की कारखान्यांनी काढायला लावल्या. इतकं सोपं ते नाही. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत कापड धुवायला जागा नाही, त्यातून अंगावरून जायला लागतं. एक दिवस बसली तर खाडा, आणि खाडा पडला की दोघांच्या हिशेबातून पैसे कापतात. सुटीत गावी आली की खासगी दवाखान्यातला डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. नवरा म्हणतो उचलीतून भागवू. सासू म्हणते दोन लेकरं झालीत, आता पिशवीचं काय काम? यात कारखाना आहे, डॉक्टर आहे, मुकादम आहे आणि घरही आहे. विंचरणाकाठदादा, कारखान्यानं मजूर घडवला एवढंच म्हटलं की आपली घरं त्यातून सुटतात. मी ती सुटू देणार नाही.

जोडीला उचल जास्त, एकट्याला अर्धा कोयता. म्हणून पोराचं लग्न लवकर उरकतात. आणि मोठी झालेली पोर गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची भीती वाटते, म्हणून तिचंही उरकतात. माझ्या भागातल्या बालविवाहांची ही दोन कारणं मी रोज ऐकते. दुष्काळ त्यात कुठंच येत नाही.

३६६ चा हिशेब करू या. दोघांनी मिळून दीड-दोन टन म्हणजे साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. एकेकीच्या वाट्याला तीनशेच्या आसपास, तेही पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत. स्वयंपाक, पाणी, लेकरू त्यात धरलेलंच नाही. एवढ्या वाढीवर आपण समाधान मानायचं?

वसतिगृहांचा निर्णय चांगला झाला. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड मजुरांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर आहेत. जिथं सुरू झालीत तिथं मुली टिकल्यात हे मी बघितलंय. उरलेली लवकर सुरू करा, एवढी एकच मागणी मी ग्रामसभेत दर वेळी मांडते.

धडगावचा

सगळी चर्चा बीड आणि कोल्हापूरवर चाललीय. आमच्या भिल-पावरा लोकांचं कुणी नावच घेत नाही. नंदुरबार-धुळ्याची माणसं बारडोलीकडं जातात, सुरतेच्या आसपासच्या फडांत. ऊसतोडीच्या करारात वाढ झाली की आमच्याकडं तिचा पत्ताही नसतो, कारण तो महाराष्ट्राचा करार.

मूळ प्रश्नावर मी विंचरणाकाठ यांच्या बाजूनं. दक्षिण गुजरातेत १९६० च्या दशकापासून अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी हाच प्रश्न विचारला होता. बारडोली भागात हळपती नावाचा भूमिहीन समाज गावोगाव आहे, हाताला काम नसलेला. तो दारात असताना कारखान्यांनी खानदेशातून आणि डांगातून माणसं का आणली? त्यांचं उत्तर असं की स्थानिक माणूस संध्याकाळी घरी जातो. त्याला आजारी आई असते, जत्रा असते, शेजारी भांडायला येतात. बाहेरून आणलेला फडाच्या कडेलाच राहतो, रात्री दोनला गाडी आली तरी भरायला उठतो, ओळखपाळख नसते म्हणून आवाज काढत नाही. पंचगंगेचे दादा म्हणतात स्थानिक मिळेना म्हणून बाहेरचा आणला. तुमच्याकडं तसं असेल. बारडोलीत तसं नव्हतं.

पंचगंगेचा शेतकरी

@धडगावचा : बारडोलीचं मला माहीत नव्हतं, वाचून अस्वस्थ झालो. पण एका भागातल्या अभ्यासावरून सगळीकडचं ठरवू नये, असंच मला अजून वाटतं. आमच्याकडं घरचा ऊस घरच्यांनी तोडून, ट्रॉली भरून कारखान्याला नेणारी कुटुंबं आजही आहेत. स्थानिकांना कुणी अडवलेलं नाही.

@अंजली : ताई, तुमचं वाचून घरात दाखवलं. आमच्या विहिरीचं पाणी आम्ही टोळीला देतो, पण आडोशाचा विचार कधी कुणी केला नव्हता. तेवढं आमच्या हातात आहे.

यंत्रवाला

या वादाचा शेवट हार्वेस्टर करणार आहे. २०२३ मध्ये सरकारनं ९०० यंत्रांना अनुदान मंजूर केलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. एक यंत्र दिवसाला शेकडो मजुरांचं काम करतं. खुशाली नाही, उचल नाही, पळून जाणं नाही. आणखी काही वर्षांनी कोयता बंद होईल आणि तेच माणुसकीचं ठरेल. बाईनं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं हे या काळात शोभत नाही.

गाडीवान (पाथर्डी)

यंत्रवालेसाहेब, चार-साडेचार फुटी सरी, मोठं सलग रान आणि वाळलेली जमीन असेल तर यंत्र चालतं. गुंठेवारीच्या तुकड्यांत, पडलेल्या उसात आणि ओल्या रानात टोळीच लागते. म्हणजे चांगला फड यंत्राला आणि आडवा-तिडवा, दलदलीचा फड माणसाला. दर मात्र टनावर तोच. हा हिशेब तुम्ही धरलाय का?

आणि एका कोटीच्या घरातलं यंत्र घेणार कोण? ज्याच्याकडं आधीच ट्रक-ट्रॅक्टर आहेत तोच. कोयता बंद होईल तेव्हा आमच्या डोंगरपट्ट्यातल्या लाखो माणसांनी काय करायचं यावर कुठल्या अनुदानात एक ओळ आहे?

निवृत्त शेतकी ओव्हरसियर

माथाडीच्या मुद्द्यावर राहिलेलं उत्तर देतो. मंडळाची कल्पना तत्त्वतः वाईट नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालंच आहे. गाळपाच्या टनामागं १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलं. ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं द्यायचं २०२१ ला ठरलं. पण कारखान्याकडं एवढ्या माणसांची 'मालक' म्हणून जबाबदारी टाकलीत तर फंड, विमा, अपघात भरपाई सगळं साखरेच्या भावातून काढायचं. साखरेचा भाव कारखाना ठरवत नाही, बाजार आणि केंद्राची धोरणं ठरवतात. कितीतरी सहकारी कारखाने आधीच कर्जात. शेवटी कात्री लागणार ती पंचगंगेच्या दादांच्या बिलाला. हे आधी स्पष्ट सांगा आणि मग मागणी करा.

आणखी एक. कारखानदार आणि मजुरांचे नेते हे दोन वेगळे गट आहेत असं समजून बोलू नका. मजुरांचं नेतृत्व करणाऱ्यांनीही कारखाने काढले, परळीचा वैद्यनाथ मुंडे साहेबांनीच उभा केला. मजुरीचा दर ठरवणाऱ्या २०१५ च्या लवादात मजुरांच्या बाजूनं पंकजाताई मुंडे आणि कारखान्यांच्या बाजूनं जयंत पाटील होते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना साखर होती.

विंचरणाकाठ

साहेब, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. मी लिहिलं असतं तर जातीवर गेलं असतं.

खर्चाबद्दल सरळ सांगतो. होय, साखरेतूनच काढायचा. इथेनॉल, वीज, मळी, प्रेसमड यांचं उत्पन्न मोजायला लागलात की जागा सापडेल. शेतकऱ्याच्या बिलाला हात न लावता टनाला पाच-दहा रुपये वाढवता येत नाहीत असं ज्या कारखान्याला वाटतं, त्यानं आपला ताळेबंद वार्षिक सभेत मजुरांसमोरही वाचावा.

अंजलीताई, घरं सुटता कामा नयेत, हे मला पूर्ण मान्य. म्हणून माझी पहिली मागणी फार छोटी आहे. काट्यावरच्या वजनाच्या पावतीवर मुकादमाचं आणि वाहतूकदाराचं नाव असतं. त्यावर कोयत्यातल्या दोघांची नावं छापा, आणि टनाचे पैसे दोघांच्या दोन खात्यांवर जाऊ द्या. गाडी काट्यावर आली की आज शेतकऱ्याला मोबाइलवर वजनाचा निरोप जातो. तोच निरोप फडातल्या बाईला पाठवायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

गाडीवान (पाथर्डी)

एका ट्रकमध्ये दहा-बारा कोयत्यांचा माल असतो. कुणाचा किती, हे काटा सांगत नाही, टोळी आपसात वाटून घेते. पावतीवर नावं घालणार कशी? आधी ते सांगा.

अंजली, केज

मोळ्या मोजतातच की भाऊ. प्रत्येक टोळीत कुणीतरी वहीत रोज मांडतं, कितीतरी टोळ्यांत ती वही बाईच लिहिते, कारण तीच सातवी-आठवी शिकलेली असते. ती वही चिटबॉयनं रोज सही करून घ्यायची, एवढंच. या हंगामात तुमच्या एका टोळीवर करून बघता का?

गाडीवान (पाथर्डी)

टोळीशी बोलतो. वडील नाही म्हणतील, पण बोलतो.